नायट्राइड की पेरोव्हस्काइट: विषय नोंदवण्याआधी नमुना एकदा गाडीने नेऊन बघा

जळगाव-धुळ्याकडची मुलं एमएस्सी संपत आली की विचारतात: एलईडीच्या अर्धवाहकांवर पीएचडी करायची आहे, गॅलियम नायट्राइड घेऊ की पेरोव्हस्काइट? मी दोन्ही हाताळलं आहे, म्हणून लिहितो.

पेरोव्हस्काइटचा, म्हणजे एका ठरावीक स्फटिकरचनेच्या पदार्थांचा, मोह खरा आहे. त्यातल्या सिझियम लेड ब्रोमाइडचे नॅनोकण २०१५ मध्ये पुढे आले. गरम द्रावणात सिझियम ओलिएट टोचायचं, काही सेकंदांत फ्लास्क बर्फात बुडवायचा. वर अतिनील टॉर्च धरला की हिरवागार उजेड. ब्रोमीनच्या जागी थोडं आयोडीन आलं की रंग तांबड्याकडे सरकतो, क्लोरीन आलं की निळ्याकडे. पहिल्याच आठवड्यात हाती काहीतरी लागतं. नायट्राइडचं तसं नाही. हजार अंशांवरची भट्टी, अमोनिया, ट्रायमिथाइलगॅलियम, आणि यंत्रावर नंबर लागायची वाट. मला पहिला थर मिळायला सात महिने लागले.

तरी मी नायट्राइडवर राहिलो, ते मोजणीमुळे. क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती उजेड होऊन परत येतात, ते प्रमाण) मोजायची सोय आमच्याकडे नव्हती, पुण्याला जावं लागे. आषाढात काचेवरचा पेरोव्हस्काइटचा थर सिलिका जेलच्या पुड्यांसह डबीत घालून मी रात्रीची गाडी पकडायचो. निघताना लख्ख हिरवा असलेला थर सकाळी मलूल झालेला असे. हवेतली ओल त्याला सोसत नाही. असं तीनदा झालं. येणारा आकडा पदार्थाचा होता की प्रवासाचा, हे मला छातीठोकपणे सांगता येईना, आणि तसा आकडा प्रबंधात लिहायला हात धजेना. कण जास्त धुतले तर वरचं ओलेइलअमाइनचं कवच निघतं नि ते गोळा होतात, हा त्रास वेगळाच. पण त्याच्यावर उपाय सापडतो.

नायट्राइडचा थर सफायरच्या चकतीवर वाढतो. दोघांच्या स्फटिकजाळीत सुमारे १६ टक्के तफावत, त्यामुळे दर चौरस सेंटीमीटरला कोट्यवधी दोष, आणि तरीही तो उजळतो. याचं मला आजही अप्रूप वाटतं. माझा एक तुकडा भुसावळच्या घरी पत्र्याखालच्या कपाटात दोन उन्हाळे पडून होता. नंतर मोजला, तर त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातलं शिखर जागच्या जागी.

यंत्र हाताशी नसलं की हिरमोड होतो, हे मान्य. अशा वेळी मला जपानी संशोधक नाकामुरा आठवतात. तोकुशिमातल्या कंपनीत भट्टी स्वतःच्या हातांनी बदलत त्यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी आणला. पीएचडी त्यांना १९९४ मध्ये मिळाली, आणि २०१४ मध्ये अकासाकी व अमानो यांच्यासोबत नोबेल.

नायट्राइडमध्ये आता काय उरलंय, असंही विचारतात. हिरव्या रंगाकडे जाताना थरातलं इंडियम (गॅलियमच्या जागी येणारा धातू) वाढवावं लागतं आणि कार्यक्षमता घसरते, ते कोडं पुरतं सुटलेलं नाही. खोल अतिनीलचा प्रश्नही तसाच आहे. हिरव्यात पेरोव्हस्काइट सरस दिसतं, हे नाकारत नाही. त्यातल्या शिशाचा विचार मात्र करावा लागेल.

ग्लोव्हबॉक्स (ओल आत येऊ न देणारी बंद पेटी) आणि मोजणीचं यंत्र एकाच इमारतीत असेल, तर माझा अनुभव कदाचित तुम्हाला लागू होणार नाही. म्हणून गाइडना पहिल्याच भेटीत विचारा: नमुना तयार झाल्यापासून मोजेपर्यंत किती वेळ जाईल? उत्तर तासाभराचं आलं तर पेरोव्हस्काइट खुशाल घ्या. ‘पुढच्या आठवड्यात पाठवू’ असं आलं, तर मी तरी नायट्राइडच घेईन.