स्क्रायबस १.६ : देणगीदारांच्या पानावर वीस फोटो लावताना

पंचवीस वर्षं मी डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम करते आहे. हात पेजमेकरवर बसला, मग लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांपायी कोरलवर गेला. आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेचं काम मात्र यंदा मुद्दाम स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर केलं. एक तर ते फुकट आहे, रीतसर फुकट. दुसरं म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या १.६ मध्ये युनिकोड मराठी (मोबाइलवर टाइप होतं तेच) नीट दिसतं. जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं तुटायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांनी ते एकदा उघडून बंद केलं होतं. मी अख्खी स्मरणिका 'मुक्ता' फाँटमध्ये लावली आणि 'द्ध', 'ष्ट्य', 'र्‍य' मुद्दाम शोधून तपासले. सगळे जागेवर होते.

पण मला सांगायचंय ते देणगीदारांच्या पानाबद्दल. वीस फोटो आणि प्रत्येकाखाली नाव. काही वर्षांपूर्वी असंच एक पान मी नजरेच्या अंदाजाने लावलं होतं आणि एका आजोबांचा फोटो ओळीत दोन मिलिमीटर खाली राहिला. छापून आल्यावर त्यांनी काही न बोलता त्या फोटोवर बोट ठेवलं. तेव्हापासून माउसने ढकलून लावलेल्या फ्रेमवर (फोटो किंवा मजकूर ठेवायच्या चौकटीवर) माझा विश्वास नाही.

स्क्रायबसमध्ये एफ-टू दाबलं की प्रॉपर्टीज उघडतात आणि फ्रेम कुठे आहे, केवढी आहे, हे आकड्यात दिसतं, आकड्यातच बदलता येतं. ए-फोर पान, दोन्ही बाजूंना १५ मिमी समास, म्हणजे हातात १८० मिमी. फोटो २८ मिमी रुंद धरला की पाच फोटोंचे १४० झाले, उरलेल्या ४० मध्ये दहा-दहाच्या चार फटी. उंची ३६, खाली दोन मिमी सोडून नावाची १० मिमीची फ्रेम. एक फोटो आणि एक नाव एवढंच बनवलं, दोन्ही ग्रुप केलं, आणि मल्टिपल डुप्लिकेटमध्ये जाऊन चार ओळी, पाच रकाने, आडवी फट १०, उभी फट ८ भरली. एका झटक्यात वीसच्या वीस जागा तयार! मग ग्रुप सोडले.

मात्र डुप्लिकेट करण्याआधी पहिल्या फ्रेमची बॉर्डर, रंग, नावाची पॅराग्राफ स्टाइल (फाँट, आकार वगैरे एकत्र साठवलेला संच) सगळं पक्कं करून घ्या. इनडिझाइन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असते तशी ऑब्जेक्ट स्टाइल, म्हणजे फ्रेमच्या रूपाचा साठवलेला संच, इथे नाही. पॅराग्राफ स्टाइल बदलली की सगळी नावं बदलतात, पण फ्रेमचं रूप तसं एका जागेवरून बदलत नाही. मला ही उणीव खरंच जाणवते.

अलाइन अँड डिस्ट्रिब्यूटची खिडकी उत्तम आहे, फक्त तिच्यात वरचा 'रिलेटिव्ह टू' आधी वाचायचा. पहिली निवडलेली वस्तू, शेवटची, पान, समास, गाइड (छापून न येणारी मदतीची रेषा), यातलं काय धरून ओळ लावायची ते तिथे ठरतं. माउसने चौकोन ओढून सगळं एकदम निवडलं तर पहिली कुठली हे आपल्यालाच कळत नाही. मी बरोबर असलेल्या फ्रेमवर आधी क्लिक करते, मग शिफ्ट धरून बाकीच्या. दोन वस्तूंमधली फट सारखी करणं किंवा आकडा देऊन ठरावीक ठेवणं, दोन्ही इथे होतं.

फ्रेमच्या आतला चेहरा मात्र आपल्यालाच लावावा लागतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंत कुणाचं नुसतं डोकं, कुणी कमरेपर्यंत. प्रत्येक ओळीला एक गाइड टाकली आणि फ्रेममध्ये डबल क्लिक करून फोटो सरकवत सगळ्यांचे डोळे त्या रेषेवर आणले. दुपार गेली, पण पान शांत दिसायला लागलं.

मनोगताच्या पानावर समईच्या चित्राभोवती मजकूर वळवायचा होता. त्यासाठी चित्राला टेक्स्ट फ्लो लावायचा, आणि चित्र मजकुराच्या फ्रेमच्या वरच्या थरात हवं. खाली असेल तर मजकूर त्याला जुमानत नाही, सरळ त्याच्यावरून जातो.

शेवटी प्रीफ्लाइट, म्हणजे छपाईला देण्याआधी सॉफ्टवेअर स्वतः करतं ती चुकांची तपासणी. तिने एक रिकामी फ्रेम दाखवली आणि एका फोटोचं रेझोल्यूशन कमी असल्याचं सांगितलं. २८ मिमीला तीनशे डीपीआयने (इंचाला तीनशे ठिपके) साधारण ३३० पिक्सेल लागतात. हा फोटो लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला होता, जेमतेम ११० पिक्सेलचा. त्या काकांच्या मुलाला फोन केला, त्याने अल्बममधला मूळ फोटो स्कॅन करून पाठवला.

स्क्रायबसची फाईल कोरलमध्ये उघडत नाही, तेव्हा प्रेसला पीडीएफच द्यावी लागते. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली पीडीएफ स्क्रायबस व्यवस्थित काढतं. श्रीलिपीतलं (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधलं) मॅटर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. व्हिजिटिंग कार्डाला अजूनही मी कोरलच उघडते. पण पानांचं काम, स्मरणिका, अहवाल, छोटा दिवाळी अंक असं काही असेल तर मी बिनधास्त स्क्रायबस घ्या म्हणेन. आणि फोटो एकदा लावून झाले की सगळे निवडून कंट्रोल-एल दाबा, म्हणजे प्रूफ दुरुस्त करताना चुकून धक्का लागला तरी एकही जागचा हलणार नाही.