एकशिंगीचा टॅपेस्ट्री-संच: चौकट ठेवा, दोरी-लोकर बदला

दादरच्या एका लोकरीच्या दुकानात ३,८०० रुपयांना मिळणारा, टॅपेस्ट्री म्हणजे लोकरीने विणलेलं भिंतीवरचं चित्र घरी करण्याचा हा संच. खोक्यात ४५ बाय ६० सेंटीमीटरची पाइनची चौकट, ५० मीटर सुती दोरी, १४ रंगांची लोकर, लाकडी फणी, दोन बोथट सुया, ३० बाय ४०चं रेखाचित्र आणि आठ पानांची पुस्तिका. चित्र न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातल्या पडद्यावरून उचललेलं: गोल कुंपणात बसलेला पांढरा एकशिंगी (युनिकॉर्न, कपाळावर एक शिंग असलेला काल्पनिक घोडा), मागे डाळिंबाचं झाड, भोवती फुलंच फुलं. त्या मालिकेतले सातही पडदे १४९५ ते १५०५ या काळातले, आणि हा पडदा साडेतीन मीटरहून उंच. तो वीतभर-दोन वितींत बसवायचा तर काय गाळायचं हे आधी ठरवावं लागतं. संचवाल्यांनी नेमकी डाळिंबं गाळली आणि अंगावरचे लाल थेंब तेवढे ठेवले. मूळ चित्रात तो वरून ठिबकणारा डाळिंबाचा रस मानला जातो. इथे फळंच नसल्यामुळे जनावर जखमी वाटतं. पुस्तिकेतही बिनदिक्कत ‘रक्ताचे थेंब’ छापलंय.

ते एक वेळ चालेल. खरी अडचण शिंगाची आहे. पुस्तिका चित्र उभं ठेवून विणायला सांगते, चौकटीच्या खाचेमागे एक म्हणजे सेंटीमीटरला दोन ताण्याचे धागे. ताणा म्हणजे चौकटीवर ताणून बसवलेले धागे, आणि त्यांच्या खालून-वरून आडवी ओवली जाणारी लोकर म्हणजे बाणा. रेखाचित्रातलं शिंग ९ सेंटीमीटर लांब आणि मुळाशी जेमतेम ६ मिलिमीटर रुंद. एवढ्या रुंदीत धड सव्वा धागा येतो. मग पुस्तिका म्हणते, दोन धाग्यांवर विणा. तसं केलं की सेंटीमीटरभर जाडीचं, टोक नसलेलं लाटणं तयार होतं आणि रंग बदलतो तिथे बाणा मागे वळत असल्याने दोन्ही बाजूंना ९-९ सेंटीमीटरच्या फटी राहतात.

जुने विणकर चित्र आडवं टाकून विणत, तेच इथे करावं. ताणा ४० सेंटीमीटर रुंद धरायचा आणि प्रत्येक खाचेत दोन धागे घ्यायचे, म्हणजे सेंटीमीटरला ४. मध्ययुगीन कामात सहसा ५ ते ८ असत, पण या चौकटीत चारच्या पुढे जाऊ नये. आता शिंग बाण्याच्या दिशेने येतं. मुळाशी सहा फेरे (बाणा एकदा एका बाजूकडून दुसरीकडे नेला की एक फेरा) आणि प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा पाच-सहा धागे अलीकडे वळवला की टोक आपोआप निमुळतं होतं. टोकाला दोन फेरे हवेतच, कारण एक फेरा ताण्याचा एकाआड एक धागाच झाकतो आणि ठिपक्यांची रेघ दिसते. हाच दोष शिंगाचा पीळ दाखवायला कामी येतो: पांढऱ्याच्या मधे राखाडीचा एकच फेरा टाकावा.

यासाठी १६० धागे लागतात. ६० सेंटीमीटरच्या हिशेबाने ९६ मीटर, गाठी धरून १०५. संचातली ५० मीटर अपुरीच, शिवाय ती २ मिलिमीटर जाड. अडीच मिलिमीटरला एक धागा बसवताना त्याने निम्मीच जागा घ्यावी, नाहीतर बाणा खाली दबत नाही आणि ताणा डोकावत राहतो. म्हणून सव्वा मिलिमीटरचा, घट्ट पिळाचा सुती दोरा वेगळा घ्यावा. मासेमारीच्या जाळ्यांचा नायलॉन स्वस्त दिसला तरी घेऊ नये, तो ताण धरत नाही. चौकटीचे कोपरे नुसते स्टेपलने जोडलेत. धाग्याला अर्धा किलो ताण धरला तरी १६० धाग्यांचे ८० किलो होतात. चारही कोपऱ्यांना लोखंडी एल पट्ट्या ठोकून मगच ताणा चढवावा. फणीला मात्र नावं ठेवायला जागा नाही, वजनदार आणि गुळगुळीत आहे.

लोकरीवर ‘शंभर टक्के लोकर’ असा शिक्का आहे. धागा जाळून पाहिला तर टोकाला कडक मणी बनतो. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. हा माल निदान मिश्र आहे, ॲक्रिलिक भरपूर. ॲक्रिलिक फणीने दाबलं तरी परत फुगतं. शिवाय धागा चौपदरी, तो उसवून दोन पदरच वापरावे लागतात. पांढरा तर एकच, तोही ट्यूबलाइटसारखा. त्याने एकशिंगीचं अंग कागद कापून चिकटवल्यासारखं सपाट दिसतं. बिनरंगी लोकरीचा एक पदर आणि पांढऱ्याचा एक असा जोडून मधली छटा करावी. सावलीच्या जागी दोन छटांचे फेरे कमी-जास्त लांबीने एकमेकांत घुसवावेत. बाह्यरेषेला घोंगडीची काळपट लोकर उत्तम, टोचते पण भिंतीवर कोणाला टोचणार? पूर्ण कामाला सुमारे १८० ग्रॅम लोकर धरावी, त्यातली निम्मी गडद हिरवी.

रंग बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवा, असं पुस्तिका सरसकट सांगते. हे पैठणीत शोभतं, रेशीम बारीक असतं. लोकरीत त्या जागी वरंबा उठतो. फट राहू द्यावी आणि दोन सेंटीमीटरहून लांब फट मागून सुती दोऱ्याने शिवावी. आडव्या विणीत ही शिवण टाळता येत नाही. पडदा टांगला की फटी जमिनीला समांतर येतात आणि वजनाने उघडतात.

कडा आत ओढली जाणं हा नवख्यांचा ठरलेला घोटाळा. बाणा सरळ ताणून टाकला की तसंच होणार. दहा सेंटीमीटरच्या फेऱ्याला मधे दोन-तीन सेंटीमीटर उंच कमान ठेवून मग फणी मारावी, आणि दर तीन सेंटीमीटरला पट्टी लावून रुंदी मोजावी. अर्धा सेंटीमीटर कमी भरली तर तिथेच उसवावं, पुढे ती भरून येत नाही.

फुलं निम्मी वगळा. मूळ मालिकेत शंभरावर वनस्पती आहेत, इथे सेंटीमीटरभराच्या फुलाला चारच धागे मिळतात. सरावलेल्या हातालाही सगळं मिळून ४० ते ४५ तास लागतील.

टांगताना भिंतीला थेट लावू नये, मागे २ सेंटीमीटरची लाकडी पट्टी ठेवावी. मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकलेल्या लोकरीवर बुरशी धरते. ऑक्टोबरच्या उन्हात एकदा मागची बाजू नीट झटकावी, कसर आधी तिथेच, शिवणीच्या कडेने लागते.