जुन्या जीपचे मागचे ब्रेक: शू ॲडजस्ट करायचे की सिलिंडर बदलायचा?

तोरणमाळचा घाट उतरायचा तर मागचे ड्रम ब्रेक (ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा) लागलेच पाहिजेत भाऊ. पेडल खोल जातं पण पंप केलं की वर येतं, हँडब्रेकही लांब ओढावा लागतो, तर बहुतेक शूचा (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचा) गॅप वाढलाय, चाक उचलून हा गॅप कमी करणारा ॲडजस्टर शू हलकं घासेपर्यंत फिरवा, मग थोडा मागे सोडा, खर्च जवळपास शून्य. पण ब्रेक ऑइल कमी होतंय आणि ड्रम आतून ओला असेल तर ॲडजस्टमेंटच्या नादी लागूच नका, सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा चाकातला भाग) नवा टाका, तेल प्यायलेले लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) दोन्ही चाकांचे सोबतच बदला, नुसतं पेट्रोलने धुऊन भागत नाही, शेवटी ब्रेकच्या पाइपातली एअर काढा. ड्रममधल्या ओलीला गिअर ऑइलचा वास आला तर मात्र ॲक्सलचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) सील बघा. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती आत बसते, म्हणून मी तर आधी ड्रम खोलायलाच सांगतो.