१७९९ च्या चांदीच्या डॉलरमध्ये मला असं फसवलं, तुम्ही सांभाळा

जुनी अमेरिकन चांदीची नाणी जमवणाऱ्यांसाठी लिहितोय, खास करून न्यू जर्सी पेनसिल्वेनियाकडच्या आपल्या मराठी लोकांसाठी, कारण इकडच्या कॉइन शोमध्ये आपली माणसं बऱ्यापैकी दिसतात आणि मला गंडवणारा माणूस अजूनही तिथेच धंदा करत असणार.

मी घेतला तो १७९९ चा ड्रेप्ड बस्ट डॉलर, म्हणजे एका बाजूला खांद्यावर वस्त्र घेतलेल्या लिबर्टीचं (स्वातंत्र्यदेवीचं) अर्धचित्र असलेलं नाणं. त्या प्रकारात हे वर्ष सगळ्यात सहज मिळतं, चार लाखांच्या वर नाणी पाडली होती, त्यामुळे नोकरदार माणसाला परवडणारं तेच आणि नकली करणाऱ्यांच्या सोयीचंही तेच. १८०४ चा डॉलर कुणी टेबलावर ठेवला तर कुणीही दचकेल, त्या तारखेचे पहिले डॉलर मुळात १८३४-३५ मध्ये परदेशी राजांना भेट द्यायला पाडले, जगात मोजकेच आहेत. १७९९ बघून तशी शंका येत नाही.

नाणं सुटं होतं, ग्रेडिंगच्या (म्हणजे नाणं खरं आहे का आणि किती चांगलं आहे हे तपासणाऱ्या कंपनीच्या) सीलबंद डबीत नव्हतं. विकणाऱ्याने स्वतःहून काटा काढला, वजन २६.९ ग्रॅम, म्हणजे बरोबर. चुंबक लावलं, चिकटलं नाही. मग भिंग हातात देऊन लिबर्टीच्या डोक्यावरच्या तिरक्या रेघा दाखवल्या, म्हणाला ह्या कानशीच्या खुणा, ह्या कोण नकली करणार? आता ह्यात तथ्य आहे हो, फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत तेव्हा चकती जड भरली की हाताने कानस मारून जादा चांदी काढायचे आणि मग छापायचे, हे मी वाचलेलं होतं आणि मी वाचलंय हे त्याने गप्पांमधून आधीच काढून घेतलं होतं. अठराशे डॉलर, तेही अ‍ॅपवरून मित्र-नातेवाईकांना पाठवतात त्या ऑप्शनने, "फी वाचेल" म्हणून. त्या ऑप्शनला पैसे परत मिळायचं संरक्षण नसतं हे त्याला पक्कं माहीत होतं.

नंतर एका ऑनलाइन लिलावात दुसराच १७९९ दिसला आणि पोटात गोळा आला. त्याच तीन रेघा, त्याच जागी, तेवढ्याच लांबीच्या. अहो कानस प्रत्येक चकतीवर वेगळी चालते, दोन नाण्यांवर सारखी रेघ येणारच कशी! एका खऱ्या नाण्यावरून ठसा बनवला की त्याच्यावरचे ओरखडे, खळगे, कानशीच्या रेघा सगळं प्रत्येक नकलेवर जसंच्या तसं उतरतं. ग्रेडिंगला पाठवलं, नकली म्हणून परत आलं, फी गेली ती वेगळीच. चांदी खरी असली की काटा आणि चुंबक दोन्ही गप्प बसतात.

कड नीट बघा. त्या काळी कडेवरची अक्षरं, हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट, छाप मारायच्या आधी वेगळ्या मशीनवर उमटवायचे. माझ्या नाण्यावर ती बुजलेली आहेत आणि मध्ये शिवणीसारखी रेघ आहे. सीलबंद डब्याही आता नकली येतात, डबीवरचा नंबर तपासलात तरी तेवढ्यावर थांबू नका, ग्रेडिंग कंपनीच्या साइटवरच्या फोटोशी नाणं ताडून बघा.

पोलिसात तक्रार दिली आहे, त्याचा फोन बंद आहे. माझ्या नाण्यावरच्या तीन रेघा लिबर्टी शब्दातल्या आर आणि टी च्या मधून खाली केसांपर्यंत येतात, मधली सगळ्यात लांब. अशा रेघांचा १७९९ कुणी दाखवला तर पैसे देऊ नका आणि त्याच्या टेबलाचा फोटो काढून शोच्या आयोजकांना लगेच दाखवा.