वाइल्डफ्लाय २६ लिनक्सवर, काही महिन्यांनंतर: सर्व्हर गुणी, लॉग उधळ्या

ऐन महिनाअखेरीला, व्याज जमा करायच्या दिवशी आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर, म्हणजे जावातलं ॲप्लिकेशन चालवणारा वाइल्डफ्लाय, आडवा झाला. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला फोन केला तर म्हणे, “सर, डिस्क वाढवून घ्या.” सल्ला त्यांचा, दरमहा भाडं आमचं! ‘डीयू’ (कशाने किती जागा खाल्ली ते दाखवणारी कमांड) चालवून बघितलं तर डेटा जेमतेम, बाकी जागा लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदींच्या, रोजच्या फायलींनी खाल्लेली. त्यात याच कंपनीच्या माणसाने कधीतरी लॉगची पातळी डीबगवर (बारीकसारीक सगळंच नोंदवा) नेऊन तशीच सोडलेली.

लॉगकडे येतोच. आधी इन्स्टॉलेशन. २६च का, तर आमचं ॲप्लिकेशन जुन्या ‘जावाएक्स’ पॅकेजांवर आहे आणि २७पासून त्या पॅकेजांचं नावच ‘जकार्ता’ झालं. इन्स्टॉलर नाही, नुसती झिप, हे मला सुरुवातीला पोरकट वाटलं होतं. ऑप्ट फोल्डरमध्ये उघडा, लॉगिन नसलेला वेगळा युजर करून मालकी त्याला द्या, सिमलिंक (त्या फोल्डरकडे बोट दाखवणारं नाव) टाका, झालं. लिनक्सवर सर्व्हर आपोआप सुरू करणाऱ्या सिस्टमडीची युनिट फाईलसुद्धा झिपमध्येच आहे. आता मत पार बदललंय. २६.१.२वरून २६.१.३वर जाताना जुना फोल्डर शेजारी तसाच ठेवला, आमची सेटिंग्ज नव्यात नेली आणि सिमलिंक फिरवली. बिनसलं असतं तर परत फिरवायची, बास.

बाहेरून पान उघडत नाही म्हणून घाबरू नका, तो मुळात १२७.०.०.१वरच, म्हणजे फक्त त्याच मशीनवरून, ऐकतो. त्याच मशीनवर पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा वेबसर्व्हर) असेल तर हा पत्ता बदलूही नका. ९९९० पोर्टवरचं व्यवस्थापनाचं कन्सोल एसएसएच टनेलमधूनच, म्हणजे सुरक्षित जोडणीतून, उघडा.

आता लॉग. मूळ सेटिंगमध्ये लॉगची फाईल रोज तारखेने बदलते, पण जुन्या फायली कोणीच पुसत नाही. कोणीच! एवढा विचार करून बांधलेला सर्व्हर, आणि कचरा काढायचं काम भाडेकरूवर. ‘पीरिऑडिक-साइझ’ हँडलर (तारीख आणि आकार दोन्ही बघून लॉगची फाईल बदलणारा) दिसला म्हणून हुरळू नका. त्यातली ‘मॅक्स-बॅकअप-इंडेक्स’ची मर्यादा आकारामुळे फिरलेल्या फायलींपुरती, तारखेने फिरलेल्या तशाच साठत राहतात. मी साधा ‘साइझ-रोटेटिंग’ लावला: ५० एमबीची फाईल, २० बॅकअप, म्हणजे सगळं मिळून साधारण १ जीबी. हा बदल जेबॉस-सीएलआय या वाइल्डफ्लायच्या कमांड-लाइनमधूनच करा. सर्व्हर चालू असताना सेटिंग्जची एक्सएमएल फाईल हाताने बदलली, तर तो स्वतःची प्रत वर लिहून तुमची मेहनत पुसतो. ऑडिटला लागणारे जुने लॉग रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय) ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर जातात. फुकटच पडून होता.

डिस्क वाढवली नाही. प्रोसेसरमागे लायसन्सचे पैसेही नाहीत, म्हणून पाचपैकी चार तारे. एक लॉगपायी कापला. फक्त एवढंच, की २६.१.३ ही या मालिकेतली शेवटची आवृत्ती, पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या नव्या आवृत्त्यांतच. तेव्हा ॲप्लिकेशन जकार्तावर आणा असं कंपनीला सांगितलंय. त्यांनी त्याचंही वेगळं कोटेशन धाडलंय, जीएसटी वेगळा.