जर्नलसीटीएल आणि कोअरडंपसीटीएल: बग रिपोर्ट करायचाय तर आधी हे वापरा

लिनक्स डेस्कटॉपवर स्क्रीन फ्रीझ झाली, रीस्टार्ट केलं आणि मग "सिस्टिम हँग होते, मदत करा" एवढंच लिहून टाकलं तर डेव्हलपर बिचारा काय करणार? माझ्या मते सिस्टमडीसोबत (लिनक्स सुरू करून सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) येणारं जर्नलसीटीएल (journalctl), म्हणजे सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड, हे सगळ्यात कामाचं टूल आहे, कारण त्याला मायनस बी मायनस १ (-b -1) दिलं की आधीच्या वेळी सिस्टिम सुरू होती तेव्हाचा लॉग, म्हणजे फ्रीझ होण्याआधी काय काय चाललं होतं ते समोर येतं, वर मायनस पी एरर (-p err) लावलं की फालतू ओळी गाळल्या जातात आणि मायनस के (-k) दिलं की फक्त कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, मेसेज. ग्राफिक्स ड्रायव्हरचा घोळ बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

एक अट आहे, लॉग डिस्कवर सेव्ह होत असायला हवा, नाहीतर रीबूटला सगळं पुसलं जातं. काही डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये) ते सेटिंग आपल्यालाच करावं लागतं, आणि ही गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

ॲप क्रॅश होत असेल तर कोअरडंपसीटीएल (coredumpctl) बघा, बॅकट्रेस, म्हणजे ॲप कोडमध्ये नेमकं कुठे पडलं त्याचा माग, मिळतो, पण डीबग सिम्बॉल (कोडमधल्या फंक्शनची नावं असलेली जादा माहिती) नसतील तर त्यात नुसते प्रश्नचिन्ह दिसतात, ते आधी टाका. आणि कोअर डंपची फाईल (क्रॅशच्या वेळी ॲपच्या मेमरीची घेतलेली प्रत) कुठेही सगळ्यांसमोर अपलोड करू नका प्लीज, त्यात मेमरीतले पासवर्डसुद्धा असू शकतात.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या लॉगच्या सेटिंगमुळे कापला.