कापडी पॅड की मेन्स्ट्रुअल कप?

नागपुरात मे महिन्यात गच्चीवर टाकलेलं कापड बघता बघता कडकडीत वाळतं. पण माझ्या मामीने पाळीची कापडं उन्हात कधी टाकलीच नाहीत. न्हाणीतल्या दोरीवर, टॉवेलखाली लपवून, पावसाळ्यात दोन-दोन दिवस ती दमट राहायची. मला याचा आजही राग येतो. कापड वाईट नाही, त्याला ऊन मिळू न देणं वाईट. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ओडिशातल्या 486 बायकांच्या अभ्यासात, कापड धुऊन पुन्हा वापरणाऱ्यांमध्ये संसर्गाची लक्षणं डिस्पोझेबल पॅड वापरणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली.

दुसरा प्रश्न पाण्याचा. कापडी पॅडमधलं रक्त पूर्ण निघेपर्यंत खळबळायचं म्हणजे बादल्या लागतात. पेंच-कन्हान नद्यांचं पाणी घरात नळाला येतं तिथे ठीक, पण टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईने काय करायचं? कपला, म्हणजे योनीत बसवून रक्त साठवणाऱ्या मऊ, छोट्या पेल्याला, पातेलंभर पाणी पुरतं: पाळीच्या आधी आणि नंतर उकळायचा, मध्ये साबणाने हात धुऊन, रिकामा करून, स्वच्छ पाण्याने धुवायचा. हात धुवायला चांगलं पाणी मात्र हवंच.

2019 मध्ये 43 अभ्यास एकत्र तपासले गेले. कपची गळती इतर साधनांइतकीच किंवा कमी निघाली. एक कप दहा वर्षांपर्यंत टिकतो. कचरा दोन्हींचा कमीच.

माझं मत कपकडे झुकतं. सवयीला दोन-तीन पाळ्या जातात, तोवर कापडी पॅड जोडीला ठेवा. तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.